शेत त्याचं, वाट सगळ्यांची

मार्च लागला की आमचा शेजारी रात्रीचा झोपत नाही. मेंढ्या व्यायचा हंगाम असतो. सत्तरी ओलांडलेला हा माणूस पहाटे तीनला टॉर्च घेऊन शेडमध्ये जातो, अडलेल्या मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून कोकरू सोडवतो, ते पुसतो, आईच्या नाकाशी नेतो आणि दुसऱ्या मेंढीकडे वळतो. सकाळी आठच्या सुमारास तो अंगणात चहाचा मग घेऊन उभा असतो, डोळे लाल. तेव्हा त्याच्या अंगणातून, त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दहा पावलांवरून, मी चालत जाते. त्याला विचारत नाही. विचारावं लागत नाही, कारण ती वाट नकाशावर आहे.

मी मूळची गुहागर तालुक्यातली. गेली बारा वर्षं इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीपासून फार लांब नाही अशा एका खेड्यात राहते. एक दगडी चर्च, एक पब, एक व्हिलेज हॉल, साठ-सत्तर घरं आणि भोवती झाडाझुडपांच्या कुंपणांनी कापलेली लहान लहान शेतं, एवढंच गाव. दुकान मी येण्याआधीच बंद झालं होतं. बस आठवड्यातून दोनदा येते. पहिलं वर्षभर मी डांबरी रस्ता सोडून कुठे गेले नाही. परका देश, माझा वेगळा रंग आणि दोन्ही बाजूंना माणसाहून उंच कुंपण. कुणाच्या शेतात पाय ठेवायची हिंमत होत नसे. एका रविवारी चर्चच्या मागे लाकडी खांबावर पिवळा बाण दिसला. बाणाच्या दिशेने पाहिलं तर समोर उभा गहू, आणि त्यातून गेलेली मळलेली रेघ. मी त्या रेघेने निघाले. शेताच्या मध्यावर समोरून हाच म्हातारा आला, हातात काठी, मागे कुत्रा. मी थबकले आणि माफी मागायची वाक्यं मनात जुळवू लागले. त्याने टोपीला हात लावला, पुढे ओढ्यापाशी चिखल आहे, डाव्या अंगाने जा, असं सांगितलं आणि तो चालता झाला.

घरी येऊन मी कायदा वाचायला बसले. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदवलेल्या वाटा सुमारे १,४०,००० मैल आहेत, म्हणजे सव्वादोन लाख किलोमीटर. पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी, निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. जमीन मालकाचीच राहते. तो ती विकू शकतो, गहाण टाकू शकतो, मुलाच्या नावे करू शकतो. फक्त त्या पट्टीवरून जायचा हक्क सगळ्या जगाचा असतो. गावकऱ्यांचाच नव्हे, शेजारच्या शेतकऱ्याचाच नव्हे, कालच विमानातून उतरलेल्या माणसाचासुद्धा. इंग्रजी कायदा या हातभर रुंद वाटेला ‘हायवे’च म्हणतो. हमरस्ता बंद करायला जेवढा खटाटोप करावा लागेल, तेवढाच गव्हातली ही रेघ पुसायला करावा लागतो.

मराठी माणसाला हे समजावताना मी ‘वहिवाट’ हा शब्द वापरते, आणि लगेच फरकही सांगते. आपल्याकडे वाटेचा झगडा बहुतेक वेळा आपल्या शेतात पोचण्याचा असतो. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून रस्ता देतं ते आत अडकलेल्या खातेदाराला. गावनकाशावर एकेरी तुटक रेषेने दाखवलेला पायमार्ग सगळ्यांचा असतो खरा, पण तो पाहायला तलाठ्याकडे कोण जातं? इथे तो नकाशा पुस्तकांच्या दुकानात मिळतो. नारिंगी वेष्टनाचा, हिरव्या तुटक रेषांनी भरलेला. लोक तो वाढदिवसाला भेट देतात.

आता म्हाताऱ्याची बाजू. ती मी इतकी वर्षं त्याच्या फाटकाशी उभी राहून ऐकली आहे, आणि ती नीट मांडल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. शहरातल्या माणसाला वाट म्हणजे रविवारची सकाळ. म्हाताऱ्याला ती वर्षाचे ३६५ दिवस सांभाळावी लागते. शेताच्या मधून जाणारी वाट नांगरता येते, पण पहिल्यांदा नांगरल्यावर १४ दिवसांत ती पुन्हा किमान एक मीटर रुंद, चालण्याजोगी करून द्यावी लागते. बांधाच्या कडेची असेल तर नांगरताच येत नाही. वाटेवर पीक वाढू द्यायचं नाही. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या आणि फाटकं त्यानेच दुरुस्त करायची. खर्चाचा चौथा हिस्सा कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडे, मागता येतो. वाट असलेल्या शेतात दहा महिन्यांहून मोठा दुभत्या जातीचा वळू सोडायचा नाही. मांसासाठी पाळलेल्या जातीचा असेल, तर सोबत गाई-कालवडी हव्यात. आणि एवढं करून कुणीतरी फाटक उघडं टाकून जातं. मग ऐंशी मेंढ्या रस्त्यावर, आणि पाऊस पडत असतो.

कुत्र्यांचा विषय निघाला की त्याचा आवाज बदलतो. गाभण मेंढीला कुत्र्याने चावावं लागत नाही, नुसतं पळवलं तरी ती गाभडते. सुटलेल्या कुत्र्याने कळपाला कोपऱ्यात कोंडलं की मेंढ्या एकमेकींवर चढून गुदमरतात. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी गवतावर येतो आणि ते गवत खाल्लेल्या गाई गाभडतात. ज्या बाईचा कुत्रा तिथे बसला होता, तिला हे कधी कळतही नाही. एका वसंतात त्याने मला मेलेल्या चार मेंढ्या दाखवल्या. काही बोलला नाही. त्यांच्यावर ताडपत्री ओढली आणि फोन करायला गेला.

हा माणूस म्हणतो, वाट आहे, ती माझ्या जन्माआधीपासून आहे, तिच्यावरून चाला; पण वाट सोडून नको. लोकरीला कातरणावळीएवढाही भाव येत नाही, कोकरांचा भाव बाजारात दुसरेच ठरवतात, अनुदानाचे नियम दर दोन वर्षांनी बदलतात. आपल्या हातात फक्त हे एवढं शेत आहे, आणि तेही लोकांना मोकळं हवं आहे, असं त्याला वाटतं. शहरात बसून याला सरंजामी म्हणणं फार सोपं आहे. मी म्हणणार नाही. ज्याची झोप त्या शेतात गेली आहे, त्याला आपल्या बांधाची चाड असणारच.

इंग्लंडमध्ये सध्या जो वाद गाजतो, तो मात्र वाटेचा नाही, मोकळ्या संचाराचा, म्हणजे वाट सोडून हवं तिथे फिरण्याच्या हक्काचा आहे. त्याचा इतिहास मोठा आहे. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या संसदेने पाच हजारांहून जास्त कायदे करून गावांच्या सामाईक जमिनी, कुरणं आणि पडीक रानं खाजगी कुंपणांत घातली; सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे देशाचा पाचवा हिस्सा. आपल्या गायरानांचं काय होत आलं आहे हे पाहिलेल्या कुणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. गिरण्यांच्या शहरांत कोंबलेल्या लोकांना डोंगर दिसत, पण त्यावर जाता येत नसे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डकडचे काही शे तरुण किंडर स्काउट या पठारावर बंदी मोडून चढले. त्यातल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. सतरा वर्षांनी, १९४९ मध्ये, पंतप्रधान अॅटलींच्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटांच्या नोंदणीचा कायदा केला. २००० च्या कायद्याने पठारं, माळरानं आणि नोंदलेल्या सामाईक जमिनींवर वाट सोडून फिरायचा हक्क दिला. ही जमीन इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के आहे. स्कॉटलंडने २००३ मध्ये बहुतेक सगळीच जमीन जबाबदारीने फिरण्यासाठी खुली केली. तसंच इंग्लंडमध्ये व्हावं ही चळवळ आहे. मजूर पक्षाने विरोधात असताना तसं आश्वासन दिलं होतं आणि २०२३ मध्येच ते मागे घेतलं. डार्टमूरच्या सामाईक माळावर तंबू टाकून रात्र काढायचा हक्क एका जमीनमालकाने कोर्टात नेला. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो लोकांच्या बाजूने कायम केला, तेव्हा मलाही आनंद झाला.

तरीही माझं मत चळवळीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींपेक्षा वेगळं आहे. आधी वाटा. मोकळा संचार नंतर बघू.

आमच्यासारख्या सखल, नांगरटीच्या आणि कुरणांच्या मुलखात संचाराच्या हक्काने रोजच्या जगण्यात फार काही बदलत नाही. उभ्या पिकातून चालायचा हक्क स्कॉटलंडच्या कायद्यातही नाही. तिथे दर चौरस किलोमीटरला सत्तर माणसं राहतात, इंग्लंडमध्ये चारशे तीसच्या वर. जिथे माणसं दाट आणि शेतं लहान, तिथे चालणाऱ्याला उपयोगी पडते ती एक ठरलेली रेघ: इथून शिरा, तिथून बाहेर पडा. शेतकऱ्यालाही मेंढ्या कुठे ठेवायच्या हे त्या रेघेमुळे ठरवता येतं. माझ्या घरापासून कायद्याने खुल्या माळापर्यंत जायला गाडीने पाऊण तास लागतो. गाडी नसलेल्या माणसाला तो हक्क असून नसल्यासारखा आहे. वाट मात्र माझ्या दारापासून सुरू होते.

आणि ही वाट फक्त हवा खायची नाही. आमच्या गावात शाळा नाही, ती शेजारच्या गावात आहे. पायवाटेने सव्वा मैल, रस्त्याने अडीच. रस्ता एका गाडीपुरता, पदपथ नाही, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, वळणापलीकडचं दिसत नाही, आणि कायद्याने वेगमर्यादा ताशी साठ मैल. त्या रस्त्यावरून सात वर्षांच्या मुलाला चालत पाठवणं कुठल्या आईला जमेल? वाटेत ओढ्यावर एक लाकडी साकव होता. एका हिवाळ्यातल्या पुरात तो वाकला, कौन्सिलने लाल-पांढरी पट्टी बांधली आणि ‘तात्पुरतं बंद’ असा कागद लावला. तो कागद तीन वर्षं तिथे होता. दर सहा महिन्यांनी नवा कागद, नवी तारीख. त्या तीन वर्षांत चालत शाळेत जाणारी सगळी मुलं गाडीत बसली. पलीकडच्या गावातल्या बहिणीकडे दर गुरुवारी चालत जाणारी एक आजी घरी बसली, आणि पुढे ती फार दिवस राहिली नाही. साकवामुळे ती गेली असं मी म्हणत नाही. पण तिचं चालणं साकवामुळे थांबलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

साकव बांधायचं काम कौन्सिलचं, कारण वाटेचा पृष्ठभाग कायद्याने महामार्ग खात्याचा. पण कौन्सिलकडे पैसे नाहीत. म्हाताऱ्यांची आणि अपंगांची सेवा, मुलांचं संरक्षण यांतच अंदाजपत्रक संपतं आणि पायवाटांसाठी अख्ख्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरतात. वाट मरते ती अशी. बंदी घालून नाही, कंटाळून. साकव पडतो, काटेरी ब्लॅकबेरीची झुडपं वाढतात, पायरीची फळी कुजते, लोक यायचे थांबतात, आणि मग कुणी येत नाही म्हणून दुरुस्ती यादीत आणखी खाली जाते.

२००१ साली या देशाने वाटा बंद झाल्यावर काय होतं हे एकदा पाहिलं आहे. जनावरांमध्ये लाळ-खुरकताची साथ आली, साठ लाखांवर जनावरं मारावी लागली आणि देशभर पायवाटांना कुलपं लागली. शेजारी अजून मारलेल्या जनावरांच्या चितांच्या वासाबद्दल बोलतो. त्या वर्षी ग्रामीण भागात शेतीइतकाच, किंबहुना तिच्याहून मोठा तोटा पब, खानावळी आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांचा झाला. शेतातून जाणारी ती फुकटची रेघ गावाला पोसत होती, हे ती बंद झाल्यावर सरकारच्या लक्षात आलं. मग विसरलंही गेलं.

दुसरा प्रश्न हरवलेल्या वाटांचा आहे, आणि इथे माझं आणि म्हाताऱ्याचं खरोखर वाजलं.

१९४९ च्या कायद्यानंतर गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांना आपापल्या वाटा चालून नोंदवायला सांगितलं गेलं. पॅरिश कौन्सिल म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची धाकटी बहीण, हातात अधिकार थोडे. कुठे शाळामास्तरांनी पोरांना घेऊन वाट न् वाट नोंदवली. कुठे कौन्सिलवर बसलेल्यांच्याच जमिनी होत्या, तिथे नोंदी मोजक्या झाल्या. त्यामुळे नकाशावर आजही असं दिसतं की गावाच्या हद्दीपर्यंत वाट येते आणि हद्दीवर थांबते, जणू चालणारा माणूस तिथे हवेत विरला. रॅम्बलर्स ही चालणाऱ्यांची जुनी संघटना, १९३५ सालची. तिच्या स्वयंसेवकांनी जुने नकाशे ताडून काढलेला अंदाज असा की इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ४९,००० मैलांच्या वाटा नोंदीबाहेर आहेत. २००० च्या कायद्यात एक मुदत घातली होती: १९४९ पूर्वीच्या वाटांचे पुरावे १ जानेवारी २०२६ पर्यंत द्या, नंतर हक्क संपला. २०२२ मध्ये सरकार म्हणालं मुदत काढतो, २०२३ मध्ये म्हणालं २०३१ पर्यंत वाढवतो, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने पुन्हा जाहीर केलं की ती रद्द करू. या चढउतारात स्वयंसेवकांची कितीतरी वर्षं तारखेच्या धाकात गेली.

मुदत या शब्दाची मला भीती वाटते, त्याला कारण आहे. आमच्या गावी घरापासून वहाळापर्यंत आणि तिथून आमच्या भातखाचरांपर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी होती. तीन घरांच्या आगरांमधून जायची. मी कॉलेजला असताना वरच्या घरच्यांनी नवा चिऱ्याचा गडगा घातला तो थेट पाखाडीवरून. भावकीतलं प्रकरण, लगेच कागद कसा करायचा, म्हणून वडील थांबले. गणपतीत चाकरमानी येतील, बसून बोलू, म्हणाले. मग दिवाळी झाली, मग शिमगा आला. मामलेदार कोर्टाच्या कायद्यात अडथळ्याविरुद्ध दावा लावायला सहा महिने असतात. ते केव्हाच उलटले होते. पुढे दिवाणी कोर्ट होतं, पण तिथे पिढी जाते आणि भावकीही. त्या वर्षी ग्रामदेवतेची पालखी पहिल्यांदा डांबरी रस्त्याने वळसा घालून आमच्या दारात आली. आजी पायरीवर बसून होती. पालखी चुकीच्या बाजूने आली, एवढंच ती म्हणाली.

म्हणून हरवलेली वाट शोधायला मी या परक्या गावात हात घातला. आमच्या चर्चपासून जुन्या पाणचक्कीकडे जाणारी एक वाट गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यात होती, नकाशावर नव्हती. पुराव्यांचा शोध हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण एक पुरावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९१० मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी जमिनीच्या वाढत्या किमतीवर कर बसवला आणि त्यासाठी देशभरच्या जमिनींचं मूल्यांकन झालं. शेतातून सार्वजनिक वाट जात असेल, तर मालकाला मूल्यात वजावट मिळे. वजावट खोटी मागितली तर शिक्षा होती. म्हणजे ज्या मालकाला वाट नको असे, त्यानेच स्वतःच्या फायद्यासाठी, शिक्षेचा धोका पत्करून, ती आहे असं लिहून दिलं. त्या नोंदवह्या लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मी एक दिवस रजा काढून गेले. आमच्या गावाच्या पानावर, त्या शेतासमोर, वजावटीच्या रकान्यात आकडा होता.

शेत शेजाऱ्याचं निघालं.

मी अर्ज करण्याआधी त्याला सांगायला गेले. न सांगता केला असता तर कायद्याने मालकाला नोटीस जातेच, पण नोटिशीतून कळणं आणि दारात येऊन सांगणं यांत फरक आहे. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, वजावट घेतली ती तेव्हाच्या जमीनदाराने. पहिल्या महायुद्धानंतर मोठमोठ्या इस्टेटी फुटल्या, तेव्हा त्याच्या आजोबांनी, जे तिथे कूळ होते, कर्ज काढून ती जमीन विकत घेतली. त्या कागदात वाटेचा शब्द नव्हता. शंभर वर्षं कुणी आलं नाही. आता ती वाट शेताच्या बरोबर मधून जाते, आणि त्या शेतात मेंढ्या वितात. तुम्ही मला सांगा, यात माझी चूक कुठली?

त्याची चूक नव्हतीच. पण कायद्यात एक जुनं तत्त्व आहे की एकदा हमरस्ता झाला तो कायम हमरस्ता, आणि मला ते तत्त्व बरोबर वाटतं. शंभर वर्षं न चालल्याने हक्क जात असेल, तर ज्याच्या हातात कुंपण आहे त्याने फक्त वाट पाहायची असते. आमच्या वरच्या घरच्यांना तर सहा महिने पुरले. हक्काला मुदत घातली की ती नेहमी भिडस्त माणसाच्या विरुद्ध धावते. म्हणून मुदत गेलीच पाहिजे, नुसत्या घोषणेने नव्हे तर कायद्याच्या पुस्तकातून, आणि त्याबाबत मी कुणाशीही तडजोड करणार नाही.

पण वाट नेमकी कुठून जावी, ही गोष्ट वेगळी आहे. इथे म्हाताऱ्याचं म्हणणं रास्त आहे. जुन्या वाटेची नोंद होताना ती सोयीची आहे का, याचा विचार कायदा करतच नाही. होती की नव्हती, एवढंच पाहिलं जातं. नोंद झाल्यावर मालकाला ती बांधावरून वळवायची असेल, तर स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र फी, आक्षेप आला तर निरीक्षकापुढे सुनावणी, आणि वर्षं. २०१५ च्या एका कायद्यात यावर उपाय लिहून ठेवला आहे. शेतकरी, चालणारे आणि कौन्सिलं यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून तो ठरवला होता: नोंद आणि वळण एकाच वेळी, दोन्ही बाजू राजी असतील तर थोडक्यात. दहा वर्षं उलटून गेली, तरी तो कायदा पूर्णपणे लागू झालेला नाही. रस्त्यावर येऊन भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी या एका कलमासाठी सरकारच्या मागे लागावं. माळावर तंबू कुणी टाकायचा यावर वर्तमानपत्रं पानं भरतात. पण मेंढ्या जिथे वितात त्या शेतातली वाट पन्नास मीटर बाजूला नेण्यावर कुणी ओळही लिहीत नाही.

आणि शेतकऱ्याला या कामाचे पैसे मिळाले पाहिजेत. हे मी चालणारी म्हणून म्हणते. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर इंग्लंडने एकराप्रमाणे मिळणारं जुनं अनुदान बंद करत आणलं आणि सार्वजनिक हिताच्या कामाला सार्वजनिक पैसा हे धोरण घेतलं. २०२० च्या शेती कायद्यात ज्या कामांना पैसे देता येतात त्यांच्या यादीत लोकांना ग्रामीण भागात येऊ देणं हेही आहे. कुंपणं राखायला, फुलझाडांच्या पट्ट्या सोडायला पैसे मिळतात, मग कुजलेली पायरी काढून म्हाताऱ्या माणसाला जाता येईल असं फाटक बसवायला का मिळू नयेत? ज्या शेतकऱ्याची वाट स्वच्छ, बाण जागेवर, फाटक सहज उघडणारं, त्याला दर वर्षी ठरलेली रक्कम द्या. कौन्सिलच्या चार माणसांनी अख्खी काउंटी पाहण्यापेक्षा रोज त्या शेतात असणाऱ्या माणसाला वाट सांभाळायला द्या. हिवाळ्यात तो तसाही कोयता घेऊन कुंपणाच्या फांद्या अर्ध्या कापून आडव्या विणत असतो. त्याच हाताने वाटेवरची ब्लॅकबेरी साफ होईल.

चालणाऱ्यांनीही काही द्यायला हवं. मेंढ्यांच्या शेतात कुत्रा दोरीनेच हवा, पर्याय नाही. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. आणि मार्च-एप्रिलमध्ये ज्या शेतात कोकरं आहेत त्याच्या बाजूने दुसरी सोय करून दिली असेल, तर हक्काचा मुद्दा न करता तिकडून जावं. मी गावातल्या नव्या घरांत राहायला आलेल्यांना हे सांगत फिरते. काही जण ऐकतात.

साकव चौथ्या वर्षी झाला. अर्ज अजून कौन्सिलकडे आहे, त्याच्या आधी शेकडो अर्ज रांगेत आहेत. म्हाताऱ्याने हरकत घेतलेली नाही. वाट बांधावरून न्यावी, असं पत्र त्याने दिलं आहे आणि त्या पत्राखाली माझीही सही आहे.

ईस्टरनंतरच्या पाचव्या रविवारी आमच्या गावात हद्दीची फेरी असते. फार जुनी रीत आहे. नकाशे नव्हते तेव्हा गावाची शीव पोरांच्या लक्षात राहावी म्हणून त्यांना हद्दीच्या दगडांवर हलकेच आपटत आणि दगडांना वेताच्या छड्या मारत. आता नुसत्या छड्या मारतात. पुढे पाद्रीबाई, मागे गाव, शेताशेतात थांबून पिकासाठी प्रार्थना. मला दर वेळी शिमग्याची पालखी आठवते. गेल्या वर्षी पाणचक्कीच्या बाजूला फेरी आली, तेव्हा सगळे नेहमीप्रमाणे रस्त्याकडे वळले. म्हाताऱ्याने आपलं फाटक उघडलं आणि ते धरून उभा राहिला. कोकरं बाजूच्या शेतात नेली होती. बांधाच्या कडेने गवत कापून एक मीटरभर पट्टा केलेला होता. पाद्रीबाई आधी आत शिरल्या, मग पोरं, मग आम्ही.